रेल्वेची ज्येष्ठ सवलत: 58 आणि 60 चा घोळ

ताई, तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा लांबणार. रेल्वेने ज्येष्ठांची तिकीट सवलत पुन्हा सुरू करावी, पण वयाची अट स्त्री-पुरुषांना एकच ठेवावी, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की, एसटीतल्या महिलांच्या अर्ध्या तिकिटाची बाजू घेणाऱ्याने इथे समानतेचा आग्रह धरणं हा दुटप्पीपणा आहे. शिवाय राज्यघटनेच्या कलम 15(3) ने स्त्रियांसाठी विशेष तरतूद करायची मुभा दिली असताना हा वाद काढायचंच कारण नाही.

मुभा आहेच, आणि ती हवीच. पण मुभा असली तरी नियमामागे कारण लागतं. 20 मार्च 2020 ला सवलत बंद झाली तेव्हा महिलांना 58 व्या वर्षापासून 50 टक्के आणि पुरुषांना 60 पासून 40 टक्के मिळत होती. यातल्या जास्तीच्या 10 टक्क्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एकाच शेतात राबून बाईच्या हातावर कमी मजुरी पडते, घरात आयुष्यभर केलेल्या कामाचं पेन्शन कुठलंच खातं देत नाही. ती भरपाई तिकिटात व्हायलाच हवी. दोन वर्षांच्या फरकाला मात्र मला कारण सापडत नाही. सरासरी आयुर्मान बायकांचंच जास्त आहे. मार्केट यार्डात पोती वाहून 58 व्या वर्षी कंबर धरलेल्या हमालाला आणखी दोन वर्षं थांब म्हणायचं, ते कशाच्या आधारावर?

एसटीचे नियम नीट पाहा. 26 ऑगस्ट 2022 पासून राज्यात 75 पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहे, 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट. कंडक्टर आधार कार्डावरची जन्मतारीख बघतो. समोर आजी आहे की आजोबा, याने फरक पडत नाही. महिलांची 50 टक्के सवलत 17 मार्च 2023 पासूनची, ती वेगळी योजना आहे आणि तिला वयाची अट नाही. म्हणजे बाई म्हणून जे द्यायचं ते बाई म्हणून दिलं, म्हातारपणाचं माप सगळ्यांना एकच लावलं. मी रेल्वेकडे नेमकं हेच मागतोय. यात दुटप्पीपणा कुठे आला?

ब्रिटनमध्ये हा घोळ कोर्टात गेला होता. तिथे पेन्शनचं वय बायकांना 60 आणि पुरुषांना 65 होतं, तेच सवलतींना चिकटवलेलं. ईस्टली गावातल्या पोहण्याच्या तलावावर 61 वर्षांच्या जेम्स यांना 75 पेन्स भरावे लागले आणि त्याच वयाच्या त्यांच्या पत्नीला फुकट सोडलं. 1990 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, निकाल दिला की हा लिंगभेदच आहे, नगरपालिकेचा हेतू कितीही चांगला असो. बसच्या सवलतीची लढाई जास्त चिवट निघाली. अ‍ॅटकिन्स यांच्या 1996 च्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की सामाजिक सुरक्षेतल्या समानतेचा संघाचा नियम अशा सवलतीला लागूच होत नाही. पुढे मॅथ्यूज नावाचे गृहस्थ याच तक्रारीसाठी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, तेव्हा सरकारने तडजोड केली, 2002 मध्ये कायदा बदलला आणि एप्रिल 2003 पासून इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांनाही 60 लाच बसची सवलत मिळू लागली.

तुम्हाला भीती आहे की समानतेच्या नावाखाली बायकांच्या हातचं काढून घेतील. ती रास्त आहे. इंग्लंडमध्येच 2010 पासून ही वयोमर्यादा बायकांच्या वाढत्या पेन्शन-वयाला जोडली आणि दोघांचंही वय वर सरकत गेलं. म्हणून माझी मागणी आता आकड्यांतच लिहितो: वय दोघांनाही 58, सवलत महिलांना 50 टक्के, पुरुषांना 40. यात कुठल्याही बाईचं एक दिवसाचंही नुकसान नाही. 60 ही सामाईक अट कुणी आणली, तर तिला विरोध करायला मी तुमच्याबरोबर आहे.