पुढचं पान

माझी आजी श्रावणात ज्ञानेश्वरी वाचायची. शाळा चौथीपर्यंतच झालेली. ओवीखाली बोट ठेवून वाचायची आणि मध्येच बोट थांबायचं. चष्मा कपाळावर चढवून ती नुसती बसून राहायची. "आजी, पुढे वाच ना," म्हटलं की म्हणायची, "थांब गं, उतरू दे जरा."

यंदा दिवाळी अंकातली एक तीस पानी कथा मी तीनदा वाचायला घेतली. तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या पानावर हात फोनकडे गेला. ना फोन वाजला होता, ना मेसेज आला होता. मला खरंच भीती वाटली. कॉलेजात असताना वाचनालयातली जाडजूड कादंबरी मी दोन रात्रींत संपवायचे.

वेळ मिळत नाही म्हणावं, तर वाचते मी दिवसभर. व्हॉट्सअ‍ॅप, बातम्या, इथल्या पोस्ट. पण त्यात बोट कुठे थांबतच नाही. पूर्वी निदान 'पुढचं पान' असं बटण दाबावं लागायचं, तेवढ्यात मनात यायचं, आता पुरे. २००६ साली आझा रास्किन या अमेरिकन डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि ती जागाच गेली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

मेरीअ‍ॅन वुल्फ या संशोधक वाचणाऱ्या मेंदूचा अभ्यास करतात. त्या सांगतात, बोलणं जसं उपजत येतं तसं वाचन येत नाही. मेंदूला त्याची जुळणी नव्याने करावी लागते, आणि आपण जसं वाचू तशी ती घडत जाते. त्यांनाही एकदा हरमन हेसची आवडती कादंबरी पुन्हा वाचवेना. मग त्या रोज वीस मिनिटं नेटाने बसल्या, तेव्हा कुठे हळूहळू जमू लागलं. मुलं वाचत नाहीत म्हणून आपण ओरडतो, पण आपल्या हातात ती दिवसभर काय बघतात?

दहा दिवस झाले, रात्री जेवणं उरकली की फोन स्वयंपाकघरात ठेवते आणि वीस मिनिटं अंक घेऊन बसते. पहिले तीन-चार दिवस नुसती तगमग. काल सतराव्या पानावर कथेतला म्हातारा विकलेल्या शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला, आणि मला बाबा आठवले. गावचं घर विकून आले तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. आम्हाला वाटलं, प्रवासाने दमलेत. इतक्या वर्षांत मी त्यावर कधी विचारच केला नव्हता.

अंक मांडीवर तसाच राहिला. आज सकाळी बाबांना फोन केला, घराबद्दल विचारलं. पाऊण तास बोलत होते.