लायटीचा सूर

स्वतःची गाणी लिहून, चाली लावून, चार साथीदारांना एका गाडीत कोंबून निपाणी ते रामदुर्ग हिंडणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, "सुचतं कसं हो?" सुचायला काय लागतंय! अर्ध्या तासात गाणं होतं. अख्खी संध्याकाळ जाते ती साऊंड चेकला, आणि त्यातली निम्मी स्पीकरमधली 'घुं' कुठनं येते ते शोधण्यात.

आमची मागणी आठ चॅनेलची. आवाज, गिटार, बास, पेटी, काहोन (वर बसून थापायचा लाकडी खोका), कोरस यांना एकेक आणि तबला-डग्ग्याला दोन. ही यादी चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. साऊंडवाल्याचा अंगठा येतो. त्या अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' असा नसतो, 'या तर खरं' असा असतो. मंडपात पोचावं तर बारा चॅनेलचा मिक्सर, त्यातले सहा चालू, आणि सहांतला एक सत्काराच्या माईकनं अडवलेला.

घुं बहुतेक बासमधून येते. बासचा अ‍ॅम्प स्टेजवरच्या बोर्डावर आणि मिक्सर मागं जनरेटरवर. दोन्हींचं अर्थिंग वेगळं, म्हणून मधल्या लांबलचक केबलच्या जाळीतून करंट फिरत राहतो. यावर ठरलेला गावठी उपाय म्हणजे थ्री-पिनची जाड पिन काढून टाकणे. घुं जाते खरी, पण तारांवर हात असताना ओठ माईकला टेकला की गायकाच्या गळ्यातून अशी तान निघते, जी कुठल्याच घराण्यात शिकवत नाहीत. पिनेला हात लावायचा नाही. सगळं सामान एकाच जागेवरच्या लायनीवर घ्यायचं. नाही जमलं तर बास आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची डबी असते, डीआय बॉक्स, तिच्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबायचा. तो फक्त आवाजाच्या केबलची जाळी सोडवतो, लायनीचं अर्थिंग जागेवर राहतं. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून एक टोक माईकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला. काटा शून्याजवळ असला तर गा. चाळीस दाखवला तर आधी वायरमन, मग गणेशवंदना.

मंडप गोकाककडं असला तर हे सगळं कन्नडमध्ये सांगायचं. उत्तर येतं, "आगतैत्री." बेळगावात तेच मराठीत येतं, "हुतंय की हो, तुम्ही गावा." सीमेचं काय व्हायचं ते होवो, घुं दोन्हीकडं सारखीच आहे. लाइट ५० सायकलची, पण स्पीकरमधून जास्त करून तिची दुप्पट ऐकू येते, १००. पेटीवरची खालची पांढरी पाच, म्हणजे पांढरी एकचा पंचम, ९८ ची. म्हणजे लायटीचा सूर पांढरी पाचला चढा. पांढरी पाच ते काळी चार या अंतराचा साधारण तिसरा हिस्सा. कोमल-तीव्र कशातच न बसणारा.

मॉनिटरची, म्हणजे आमचं आम्हाला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरची, शिट्टी त्यामानानं गरीब. साधा माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीशी ठेवायचा, एवढंच. पण आमच्या कोरसवाल्याला माईकचं डोकं मुठीत धरल्याशिवाय भाव येत नाहीत. मूठ आवळली की माईकला चहूकडून ऐकू येतं, आणि पहिल्या रांगेतलं पोर आईच्या कुशीत शिरतं.

राहिलं तबल्याचं. खानापुरात पाऊस लागला की पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, पाणी पिते आणि सूर उतरतो. पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो, आणि मंडपात भजी तळायला घेतली की दोन्ही वाया जातात. तबलजी ठोकत असतो, साऊंडवाला केबली उपटत असतो, सूत्रसंचालक तिसऱ्यांदा "थोड्याच वेळात" म्हणतो. लाऊडस्पीकर दहाला बंद, आणि पावणेनऊ झालेले.

शेवटी सगळं एका लायनीवर येतं. घुं थांबते. मंडप एकदम मोकळा वाटायला लागतो. मी पांढरी एकमध्ये सा लावतो, पेटी लागते, आणि तबला कानात खडा घातल्यासारखा चढा वाजतो.

"दादा," तबलजी हातोडी घेऊन केविलवाणा बघतो, "पंचम कशाला बंद केलात? मी तेच्यावरच लावला होता की."