ते धर्म पसरवायलाच आले होते. बरं, मग?

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी एक फॉरवर्ड टाकला. मिशनरी म्हणजे नुसती बाटवाबाटवी, वगैरे वगैरे. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं. घरच्या ग्रुपवर वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय? म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी कबूल करून टाकू. हो, ते धर्म पसरवायलाच आले होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही. आपल्या देवांवर तिखट लिहिलं. विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर वादात तितकंच तिखट उत्तरही दिलं. फिट्टंफाट.

पण विल्यम कॅरीचं काय करायचं? इंग्लंडातला जोडे शिवणारा माणूस, पंथाने बाप्टिस्ट. म्हणजे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा न मानणारे. कळत्या वयात, स्वतःच्या मर्जीने पाण्यात बुडी घ्यायची. कंपनी सरकारला मिशनरी डोकेदुखी वाटायचे, म्हणून ही मंडळी कलकत्त्याजवळ डॅनिश लोकांच्या श्रीरामपुरात राहिली. तिथे वैजनाथ पंडितांच्या मदतीने कॅरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली कोश, तोही मोडीत. इकडे पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर, आणि मराठीचं छापील व्याकरण निघतंय बंगालमधून!

१८१२ साली पाच अमेरिकन मिशनरी कलकत्त्याला पोचले. हे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथाचे. त्यातल्या जडसनने 'आता कॅरीच्या बाप्टिस्टांशी वाद घालावा लागणार' म्हणून जहाजावर अभ्यास केला आणि वाचता वाचता स्वतःच बाप्टिस्ट झाला. (अभ्यास करून वादाला बसलं की हा धोका असतो. आमच्या ग्रुपवर तो नाही.) जडसन ब्रह्मदेशात गेला. त्या पाचांतले हॉल आणि नॉट हे दोघे मात्र जुन्याच पंथात राहिले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं, ते चिकटून राहिले. हेच पुढचं अमेरिकन मराठी मिशन.

हॉल मराठी शिकला, शाळा काढल्या, पायी गावं फिरला आणि १८२६ साली नाशिककडच्या फिरतीत पटकीने गेला. वय ४१. तेरा वर्षांत ख्रिस्ती किती झाले? बोटांवर मोजावेत इतके. ज्या कामाला आला ते काही झालं नाही. पण कलकत्त्याहून छापखाना आला, १८१७ पासून मुंबईत मराठी छपाई सुरू झाली. १८२४ साली मिशनने मुलींची शाळा काढली. जोतीराव फुले तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

शंभर वर्षांनी याच मिशनने मुंबईतल्या नागपाड्यात नेबरहूड हाउस, म्हणजे वस्तीतल्या लोकांसाठीचं समाजकेंद्र, उभं केलं. शेजारी कामाठीपुरा, आजूबाजूला गिरणी-गोदीतल्या कामगारांच्या चाळी, सगळ्या जातीधर्मांची खिचडी. क्लिफर्ड मॅनशार्ट तिथला प्रमुख. १९३६ साली टाटांच्या पैशातून समाजकार्य शिकवणारी शाळा याच इमारतीत सुरू झाली. तीच आजची देवनारची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. तिथे शिकलेल्या माझ्या दोन मित्रांना हे माहीत नव्हतं. मलाही टिस म्हणजे फक्त टाटा एवढंच ठाऊक होतं.

मला एवढंच म्हणायचंय की हेतू धर्माचा होता म्हणून काम पुसून टाकता येत नाही, आणि काम चांगलं होतं म्हणून हेतू झाकायचीही गरज नाही. आपल्याला दोन्ही एकत्र बोलायला का जड जातं, कळत नाही.

आणि तो मिशनचा छापखाना. तिथे टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली एक पोरगा टाइपाचं काम शिकला. जावजी दादाजी. त्याने पुढे निर्णयसागर छापखाना काढला आणि आपले संस्कृत ग्रंथ, पंचांगं अशी देखणी छापली की आजही जुनी माणसं ती जपून ठेवतात.

काकांच्या देवघरात लाल फडक्यात गुंडाळलेली आजोबांची पोथी आहे. निर्णयसागरची. ग्रुपवर अजून काही बोललो नाहीये. गणपतीत घरी जाणारच आहे.