पंधरा किलोचा ट्रायपॉड आणि बाकीच्या थापा

‘मीडियम फॉरमॅट कॅमेरा घेऊन ट्रेकला जाताय? ट्रायपॉडचे ५ सुवर्णनियम वाचाच!’ हा मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो काकांनी टाकला. काकांनी आयुष्यात मोबाइलशिवाय कशानेही फोटो काढलेला नाही, पण ते वयाने मोठे, शिवाय मेसेजमध्ये आकडे होते, त्यामुळे भाचीने तो वेदवाक्य मानला. ती इंदूरला शिकते. तिच्याकडे आजोबांचा याशिका मॅट १२४ जी, म्हणजे दोन लेन्सचा, मोठ्या फिल्मचा (मीडियम फॉरमॅट) जुना कॅमेरा आहे आणि पावसाळ्यात इंदूरजवळचा पाताळपाणीचा धबधबा, जानापावचा डोंगर असं तो घेऊन हिंडायचा तिचा बेत आहे. ‘मावशी, नियमात बसतोय, मागवू ना?’ असं विचारत तिने एका ट्रायपॉडचा फोटो पाठवला. पाच घड्यांचे, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्यांचे पाय, वजन सव्वा किलो, आणि बॉक्सवर ठळक अक्षरांत: भारक्षमता १५ किलो.

नियम थोडक्यात असे. कॅमेऱ्याच्या तिप्पट भारक्षमता बघा. मधला दांडा वर काढून उंची तुमच्याएवढी भरली पाहिजे. कार्बनचाच घ्या, आणि घड्या जितक्या जास्त तितका ट्रेकला बरा. मधल्या दांड्याच्या हुकाला बॅग नेहमी लटकवा. दर फोटोआधी मिरर लॉक करा, म्हणजे कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर उचलून ठेवा.

पहिल्या नियमावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण तो शास्त्रीय वाटतो. याशिका मॅटचं वजन सुमारे १.१ किलो, तिप्पट केलं की ३.३. आता बाजारात जाऊन बघा, बॉक्सवर ३.३ किलोपेक्षा कमी लिहिलेला ट्रायपॉड क्वचितच सापडेल. मोबाइलच्या काही काड्यांवरसुद्धा पाच किलो छापलेलं असतं. ज्या चाळणीतून दगडसुद्धा खाली पडतात, ती चाळणी घेऊन काय करायचं? आणि हे १५ किलो म्हणजे नक्की काय? पंधरा किलो ठेवल्यावर पाय मोडत नाहीत, की लॉक सरकत नाहीत, की बॉल हेड (कॅमेरा बसवायचं वरचं फिरतं डोकं) घसरत नाही? ते कोणी सांगत नाही, कारण हा आकडा काढायची सगळ्या कंपन्यांना लागू असलेली एकच पद्धतच नाही. जो तो आपापला आकडा छापतो.

‘द सेंटर कॉलम’ नावाची एक वेबसाइट आहे. ट्रायपॉड मोजणे हा तिचा एकमेव उद्योग. ट्रायपॉडवर ठरावीक जडत्वाचा दांडा बसवायचा, त्याला झटका द्यायचा, तो किती वेगाने थरथरतो ते मोजायचं आणि त्यावरून ट्रायपॉडचा ताठपणा काढायचा, अशी तिथली रीत. तिथले तक्ते नीट पाहिले की बॉक्सवरच्या किलोंचा आणि खऱ्या ताठपणाचा भरवसा धरावा असा काही संबंध दिसत नाही. फोटोला लागतो तो ताठपणा. कॅमेरा खाली पडत नाही एवढ्याने फोटो शार्प येत नाही.

ताठपणा येतो नळीच्या जाडीतून. भिंतीची जाडी तीच ठेवली तर नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भाचीने निवडलेल्या ट्रायपॉडची वरची नळी २२ मिलिमीटरची. दर घडीला तीनेक मिलिमीटर कमी धरले तर जमिनीला टेकणारी पाचवी नळी १० मिलिमीटरची उरते. तीन घड्यांचा, २५ मिलिमीटरपासून सुरू होणारा पाय असेल तर शेवटची नळी १९ची. हिशेब करा, जवळजवळ सातपट फरक. शिवाय पाच घड्या म्हणजे पायाला चार लॉक, आणि प्रत्येक लॉक हा ढिलेपणाचा एक सांधा. आता ‘घड्या जास्त तितका बरा’ हे कोणाच्या फायद्याचं ते तुम्हीच ठरवा. बॅगेत तो छान बसतो, हे मात्र खरं.

पटत नसेल तर इंदूरच्या जेल रोडच्या बाजारातून साधा लेझर पॉइंटर आणा. रबर बँडने ट्रायपॉडच्या डोक्यावर घट्ट बांधा, पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि पायाला टिचकी मारा. ठिपका सव्वा मिलिमीटर हलला तर ८० मिलिमीटरच्या लेन्समागे फिल्मवर ०.०२ मिलिमीटरचं हलणं होतं. मोठा प्रिंट काढलात तर झाडाच्या पानांच्या कडा तेवढ्यानेही पुसट होतात. मग मधला दांडा पूर्ण वर काढून पुन्हा टिचकी मारा. ठिपक्याचा नाच थांबेपर्यंत चहा होईल.

त्यावरूनच उंचीचा नियम. तो लिहिणाऱ्याने कमरेपाशी धरायचा कॅमेरा कधी हातात घेतलेला नसावा. याशिकात डोळा लावून समोर बघत नाहीत. वरचं झाकण उघडून काचेत खाली वाकून बघतात. माझी भाची जेमतेम सव्वापाच फूट. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा चढवला तर जानापावच्या माथ्यावर स्टूल न्यावं लागेल. छातीपर्यंत, म्हणजे ११०-१२० सेंटिमीटर उंची तिला पुष्कळ झाली. मधला दांडा खालीच ठेवायचा आणि सगळ्यात बारीक नळीही अर्धीच बाहेर काढायची. स्वस्त आणि हलका ट्रायपॉड अशा कॅमेऱ्याला चालतो तो याच कारणाने, आणि नेमकी हीच गोष्ट मेसेजमध्ये नाही! दुसरं म्हणजे फ्रेम चौरस, सहा बाय सहा सेंटिमीटरची. कॅमेरा आडवा-उभा करायची भानगडच नाही, त्यामुळे महागडं हेड आणि कॅमेरा उभा बसवायची एल-ब्रॅकेट पट्टी दोन्ही वाचले.

कार्बनबद्दल अर्धं मान्य करते. तेवढ्याच ताठपणाला कार्बन हलका पडतो, थरथर लवकर शमवतो आणि डिसेंबरच्या पहाटे हाताला गारठा देत नाही. पण बारीक कार्बनपेक्षा जाड ॲल्युमिनियम बरं, आणि पैसे मोजून घ्यायचे असतील तर प्रश्नच मिटला. गारठ्यासाठी एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप वरच्या नळ्यांवर चढवा. खांद्यालाही टोचत नाही.

बॅग लटकवण्याचंही अर्धंच खरं. वजनाने ट्रायपॉड उलटत नाही, पण नळी जाड होत नाही. आणि माथ्यावरच्या वाऱ्यात अधांतरी बॅग झुलायला लागली की कॅमेरा तिच्याबरोबर झुलतो. लटकवायचीच तर तिचा तळ जमिनीला टेकलेला ठेवा.

मिरर लॉकचा नियम मामिया आरबी ६७ किंवा पेंटॅक्स ६७ अशा एका लेन्सच्या कॅमेरेवाल्यांसाठी अगदी योग्य आहे. तिथे आरसा खरोखर उडतो आणि मंद शटरला त्याचा धक्का बसतो. याशिकात दोन लेन्स असतात, आरसा वरच्या लेन्समागे पक्का बसवलेला असतो आणि फोटो खालच्या लेन्समधून निघतो. आमच्या भाचीने मिरर लॉकचं बटण शोधण्यात अख्खी संध्याकाळ घालवली. नसलेलं बटण सापडणार कुठून?

तेव्हा पोरी, तो मागवू नकोस. तीन घड्यांचे ॲल्युमिनियमचे पाय बघ, वरची नळी निदान २५ मिलिमीटर, दांडा न काढता १२० सेंटिमीटर उंची. वापरलेला घेतलास तरी हरकत नाही. मॅनफ्रोटोच्या जुन्या १९० मालिकेतले पाय हेडशिवाय पावणेदोन किलोच्या आसपास भरतात. फक्त प्रत्येक लॉक लावून वरून दाबून बघ, नळी आत सरकली तर सोडून दे. तुझ्या त्या चित्रातल्यापेक्षा हे अर्धा-एक किलो जड पडेल आणि सॅकच्या बाहेर बांधावं लागेल, त्याला इलाज नाही. उरलेल्या पैशांत हातभर लांबीची केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार घे, स्क्रूने लॉक होणारी. पाताळपाण्याला ढगाळ उजेडात एफ २२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केल्यावर, शटर मंदच ठेवावं लागेल, आणि ते बोटाने दाबलंस तर कुठलाही ट्रायपॉड कामाचा नाही.