‘गाडी कमी धुवा, जास्त टिकेल’ हे खरं नाही

पावसाळा तोंडावर आला की ट्रकमालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘मालकांनो, गाडी वारंवार धुऊ नका. पाण्यानं गंज चढतो. पावसात गाडी आपोआप धुतली जाते. सर्व्हिसिंगच्या वेळी धुतली की पुरे. मध्ये वाटलंच तर चासीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) डिझेल मारा. धुण्यात गाडी उभी राहते, ते नुकसान वेगळं.’ हातखंब्याजवळच्या यार्डात मी गाड्यांची देखभाल बघतो. आमच्या काही गाड्या रत्नागिरीहून कोल्हापूरला मासळी नेतात, काही चिरेखाणीवर चालतात. हा मेसेज वाचून दोन मालकांनी धुणं खरंच बंद केलं, म्हणून हे लिहितोय.

पाण्यानं गंज चढतो, हे अर्धंच खरं. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पण धुतलेली गाडी वाऱ्यावर चालली की काही तासांत सुकते. चासीच्या खोबणीत, पाट्यांच्या (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांच्या) क्लिपांमागे, ब्रेकपॉटच्या (हवेच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या डब्याच्या) वर जो चिखल बसतो तो आठ-आठ दिवस ओला राहतो. पत्रा खातो तो हा चिखल. धुण्याची पद्धत चुकली तर मात्र नुकसान होतं, हे मान्य. प्रेशरच्या पाण्याचा झोत वायरिंगच्या कनेक्टरवर, अल्टरनेटरवर, चाकाच्या हबच्या सीलवर मारायचा नाही. कॉस्टिक सोडा तर यार्डात आणूच नये, अॅल्युमिनियमची डिझेल टाकी तो खाऊन टाकतो.

पाऊस गाडी धुतो, हे वाचून मला खरंच राग येतो. पाऊस वरून पडतो, घाण खालून उडते. टपाचा रंग चकचकीत दिसतो आणि मालकाला वाटतं झालं काम. मासळीच्या गाडीत बर्फ वितळून खारं पाणी फळ्यांच्या फटीतून खाली झिरपतं आणि क्रॉसमेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या पट्ट्यांवर, बसतं. तिथे पावसाचा थेंब पोचत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे गाडी छपराखाली उभी असली तरी ते मीठ आतून काम करतच असतं. त्यावर गोडं पाणी मारणं हाच उपाय, तोही प्रत्येक खेपेनंतर.

सर्व्हिसिंगला धुतली की पुरे, हा हिशेब जुन्या गाड्यांचा. बीएस-६ च्या, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांप्रमाणे बनलेल्या, कित्येक मॉडेलना ऑइल चेंजचं अंतर ४० हजार किलोमीटर किंवा त्याहून जास्त आहे. रत्नागिरी-कोल्हापूर जाऊन-येऊन साधारण २६० किलोमीटर. रोज एक खेप धरली तरी पाच महिने गाडी खालून कुणी बघितलीच नाही, असा अर्थ होतो.

आणि बघणं हेच मोठं काम आहे. गेल्या वर्षी चिऱ्याची एक गाडी खालून धुवायला घेतली होती. जांभ्याचा लाल चिखल दगडासारखा कडक झाला होता. तो निघाल्यावर क्लीनर पोरगा म्हणाला, “काका, हे बघा.” मागच्या मेन पाट्यावर केसाएवढी गंजाची रेघ होती. बोट फिरवलं तेव्हा कळलं, पाटा तडकलाय. त्याच संध्याकाळी ती गाडी भरून आंबा घाट चढणार होती. चिखलाखाली ती रेघ कुणालाच दिसली नसती.

डिझेल मारण्याबद्दल एकच सांगतो. डिझेलनं पाट्यांचे आणि शॅकलचे (पाटा चासीला जोडणाऱ्या कडीचे) रबर बुश फुगतात, ढिले होतात, आणि त्या चिकटपणावर दुप्पट धूळ बसते. त्यापेक्षा धुवा, निथळू द्या, मग लगेच ग्रीसिंग करा. नवीन ग्रीस आत शिरलेलं पाणी बाहेर ढकलतं. क्रमात इथेच बरेच जण चुकतात, ग्रीसिंग आधी आणि धुणं नंतर.

वेळेचं म्हणाल, तर मासळीची गाडी पहाटे खाली होऊन दुपारी परत येते आणि संध्याकाळी भरते. मधल्या वेळात दोन माणसं दीड तासात दहा चाकी गाडी धुतात. वेळापत्रक मात्र तारखेवर लावू नका, मालावर आणि रस्त्यावर लावा. आमच्याकडे मासळीच्या गाडीचा हौदा आणि खालची बाजू रोज, पूर्ण धुणं आठवड्याला. चिऱ्याच्या गाड्या पावसाळ्यात आठवड्याला, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. टेललाइट आणि रिफ्लेक्टर पट्ट्या रोज ओल्या फडक्यानं, गाडी कुठलीही असो. घाटातल्या धुक्यात मागच्याला तेवढंच दिसतं. धुऊन झाल्यावर गाडी थोडी चालवून हलके ब्रेक मारा, ब्रेकचे लायनर सुकतात.

त्या मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे, ‘धुवायचीच तर नदीवर न्या, फुकटात होतं.’ हे कृपा करून करू नका. प्रवाहात घाण सोडायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं बंदी आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, गाडीखालचं ऑइल आणि ग्रीस ज्या डोहात जातं त्याच्या खाली कुणाच्या तरी गावची नळपाण्याची विहीर असते.