एवढंसं तर काम आहे!

जुनी बाहुली दुरुस्तीला येते तेव्हा एकटी येत नाही. तिच्या बरोबर एक वाक्य येतं : "अहो, एवढंसं तर काम आहे!" हात निखळलाय, एवढंच. एक डोळा उघडत नाही, बस्स. फ्रॉकचं टिचबटण गेलंय, बाकी अगदी नव्यासारखी आहे. लिस्बनमध्ये १८३० पासून बाहुल्यांचं एक इस्पितळ चालू आहे. तिथेही पहिल्या दिवसापासून हेच वाक्य पोर्तुगीजमध्ये म्हटलं जात असणार, याबद्दल मला शंका नाही.

'एवढंसं' हीच तर खरी अडचण आहे. माणसाच्या सदऱ्याला एखादा टाका वाकडा पडला तर कोणाच्या बापाला कळत नाही. चौदा इंची बाहुलीच्या फ्रॉकवर तोच टाका बिछान्यात वरवंटा ठेवल्यासारखा दिसतो. बाही बोटभर रुंद, काज तिळाएवढं, आणि शिवणाऱ्याची बोटं मात्र देवाने पूर्ण मापाची दिलेली.

पहिला प्रश्न : ही बाई आहे कशाची? "प्लॅस्टिकची" हे उत्तर धरायचं नाही. आंबा कुठला, या प्रश्नावर "झाडाचा" म्हणण्यापैकी ते आहे. वास घ्यायचा. अंगठ्याने पाठीचा एखादा भाग गरम होईपर्यंत चोळायचा आणि नाक लावायचं. कापराचा वास आला तर बाहुली सेल्युलॉइडची. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोजमध्ये घोटलेला कापूर. देवापुढे जे जळतं त्याच्याच जिवावर ही उभी असते, आणि पेट घेण्यात कापराच्या चार पावलं पुढेच असते. तेव्हा हिच्याजवळ इस्त्री नको, तापणारा दिवा नको, उन्हात वाळवणं नको. गरम सुई टोचून ओळखायची युक्ती कोणी सांगितली तर त्याच्या घरी बाहुली सोडाच, कंगवाही ठेवू नका.

व्हिनेगरचा वास आला तर मामला वेगळा. साधारण १९५० च्या आसपासच्या बऱ्याच टणक प्लॅस्टिकच्या बाहुल्या सेल्युलोज ॲसिटेटच्या आहेत. हे प्लॅस्टिक म्हातारपणी कुजतं आणि ॲसिटिक आम्ल सोडतं. त्या आम्लाने कुजणं आणखी वाढतं, डोळ्यांमागचं लोखंड गंजतं, अंगाला चिकट घाम सुटतो, भेगा पडतात. यावर औषध नाही. लोक घाबरून तिला हवाबंद पिशवीत कोंडतात, म्हणजे तिची वाफ तिलाच पाजतात. आजारी माणसाला देतो तशी वेगळी, हवेशीर, गार जागा द्यायची आणि शेजारी दुसरी बाहुली ठेवायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

तिसरी जात भुसा आणि सरस यांच्या लगद्याची, वर रंग चढवलेली. हिला आंघोळ घालणं म्हणजे विसर्जन. पाणी आत शिरलं की लगदा फुगतो, रंग फुगत नाही, आणि चेहऱ्यावर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा उमटतात. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या रंगीत लाकडी बाहुलीलाही मी तोच नियम लावतो : कोरडा मऊ ब्रश, आणि हात आवरता घ्यायचा.

हात आवरणं कोणालाच जमत नाही, म्हणून तर आधीच्या डॉक्टरांचे पराक्रम निस्तरण्यात निम्मा वेळ जातो. नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने कोणीतरी गाल पुसलेला असतो. त्यातल्या ॲसिटोनने टणक प्लॅस्टिक विरघळतं आणि गालावर कापसाच्या बोळ्याचा ठसा कायमचा राहतो. निखळलेला हात झटपट चिकटणाऱ्या गोंदाने धडाला चिकटवलेला असतो, आणि तोही उलटा. सध्या 'जादूचा स्पंज' नावाचा पांढरा ठोकळा लोकप्रिय आहे. तो म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपरच. मळ जातो, चकाकी जाते, भुवयाही जातात. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात, कान साफ करायची कापूस-काडी आणि तळपायावर आधी चाचणी, यापलीकडे पहिल्या दिवशी जायचं कारण नाही. तीही टणक प्लॅस्टिकला आणि रबरी व्हिनाइलला. बाकीच्यांना कोरडंच.

व्हिनाइलची आपली दुखणी आहेत. ते मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट रसायन वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं, पाय चिकट होतात, त्यावर धूळ बसते. धुवा, पुसा, चार-सहा महिन्यांनी पुन्हा तेच. पण सगळ्यांत प्रसिद्ध दुखणं हिरव्या कानाचं. बार्बी १९५९ साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात आली, आणि सुरुवातीच्या अनेक बार्बींच्या कानात धातूचे डूल होते. त्या धातूतल्या तांब्याची आणि व्हिनाइलची अशी काही गट्टी जमते की कानाभोवती हिरवा डाग उमटतो आणि गालाकडे सरकतो. पितळेच्या भांड्यात दही विसरलेल्या घराला यात नवल वाटू नये.

त्यावर औषध मिळतं ते मुरुमांच्या मलमांच्या फळीवर. बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल, आपल्याकडे अडीच आणि पाच टक्क्यांचं असतं. ('कोणाला लावायचंय?' या दुकानदाराच्या प्रश्नाला खरं उत्तर देऊ नये.) आधी डूल काढायचे, नाहीतर सगळं मुसळ केरात. जेल फक्त हिरव्यावर लावायचं, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म, बाकी चेहऱ्यावर ॲल्युमिनियमची फॉइल, आणि बाहुली उन्हात. रोज संध्याकाळी पुसून बघायचं. आठवडा, दोन आठवडे. घाई करून जेल गालावर पसरलं तर गालाचा रंगही उडतो आणि ओठांची लालीही. सगळं साधलं तरी आत मुरलेलं तांबं काही महिन्यांनी पुन्हा वर डोकावू शकतं.

केसांबद्दल थोडक्यात. कंगवा टोकापासून सुरू करून मुळाकडे सरकायचं, बट मुळाशी चिमटीत धरून. वरून खाली ओढला की झिपऱ्या कंगव्यात आणि टक्कल बाहुलीला. डोळ्यांची उघडझाप करणारी बाहुली असेल तर डोक्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये, आत लोखंड आहे. मोहेर म्हणजे बकरीची लोकर. तिला गरम पाणी दाखवलं की केस एकमेकांत गुंतून तिचा नमदा होतो. नायलॉनच्या केसांना कुरळं करायचं असेल तर स्ट्रॉवर गुंडाळून वरून गरम पाणी ओतायचं. उकळतं नव्हे, कपात ओतून दहा मिनिटं विसरलेल्या चहाइतकं गरम. मग दोन दिवस हात लावायचा नाही. हे दोन दिवस सर्वांत अवघड.

आता डोळे. ते आधी, आणि इलॅस्टिक मागाहून, हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा. कारण डोळ्यांपर्यंत जायची वाट मानेच्या भोकातून आहे, आणि डोकं धडाला इलॅस्टिकने ताणून धरलेलं असतं. डोकं काढून टॉर्च लावली की आत दोन्ही डोळ्यांच्या मागे लोंबणारं वजन दिसतं. बाहुली आडवी केली की ते खाली जातं आणि पापण्या मिटतात. डोळा अडकतो तो बहुधा आसावरच्या गंजामुळे. शिवणयंत्राचं तेल सुईच्या टोकावर घेऊन एक थेंब आसावर सोडायचा आणि रात्रभर थांबायचं. गंज सोडवणारा फवारा मारू नका. तो आसावर कमी आणि बुबुळाच्या रंगावर जास्त पोचतो. पापणीखाली टाचणी घालून डोळा उचकटणाऱ्यांना मी काही बोलत नाही. त्यांनी तो पुढे पुसायच्या फडक्यात बांधून आणलेलाच असतो.

मग इलॅस्टिक. चौदा इंची बाहुलीला साधारण तीन मिलिमीटर जाडीची गोल दोरी लागते. परकराची चपटी पट्टी चालत नाही. ती हुकावर दुमडते, कडेला विरते आणि वर्षात सैल पडते. दोन फेरे लागतात : एक खांद्यातून खांद्यात, दोन्ही हातांचे हूक जोडणारा, दुसरा दोन्ही पायांच्या हुकांतून वर मानेच्या हुकापर्यंत. अवयव जागेवर ठेवून अंतर मोजायचं आणि गाठ मारलेला फेरा त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास ठेवायचा. गाठ मारताना एकदा उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने मारली की ती घसरते, आणि घसरते ती काम संपवून कपडे घातल्यावरच. टोकं सेंटिमीटरभर ठेवून दोऱ्याने करकचून बांधायची. हूक गंजलेला असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरने घासायचा, नाहीतर तो नवी दोरी करवतीसारखा कापतो.

खरं युद्ध पुढे आहे. सर्जिकल दुकानातला कुलूप लागणारा आर्टरी चिमटा मानेतून आत घालायचा, फेरा पकडायचा, ओढून बाहेर काढायचा आणि तत्काळ त्यातून पेन्सिल आडवी घालायची, म्हणजे तो परत आत पळत नाही. आता एका हाताने धड, दुसऱ्या हाताने फेरा, तिसऱ्या हाताने डोकं धरायचं आणि चौथ्या हाताने मानेचा हूक फेऱ्यात अडकवायचा. दुर्गादेवीने हा व्यवसाय केला असता तर उत्तम केला असता. आपण मर्त्य माणसं धड गुडघ्यांत दाबतो. चिमटा सुटला की दोरी 'फट्' करून पोटात, पेन्सिल कपाटाखाली, आणि डोकं गॅलरीच्या दिशेने.

ताण बरोबर आहे का? वर केलेला हात वर राहिला पाहिजे, वळवलेली मान वळलेली राहिली पाहिजे, आणि बसवली तर बसली पाहिजे. फार सैल झालं तर मान कलते आणि बाहुली कंटाळलेल्या श्रोत्यासारखी दिसते. फार घट्ट झालं तर मानेची किंवा मांडीची कड तडकते, आणि जुनं प्लॅस्टिक एकदा तडकलं की जुळत नाही.

कपड्यांचं म्हणाल तर तो स्वतंत्र वनवास आहे. पिवळा पडलेला सुती फ्रॉक बघताच हात ब्लीच पावडरकडे जातो. तो बांधून ठेवावा. क्लोरीनने जुनं सूत कुजतं. सोडियम परकार्बोनेटवाली ऑक्सिजन पावडर लिटरभर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा, दोन-तीन तास, इतकं पुरतं. पाणी चहासारखं झालं तर घाबरायचं नाही, बदलायचं. पण त्याआधी पांढरा ओला बोळा शिवणीच्या आतल्या बाजूला दाबून रंग जातोय का पाहायचं, आणि त्याहीआधी गंजाचे डाग शोधायचे. टिचबटणाभोवतीचा तांबूस डाग हा भुरटा नव्हे, दरोडेखोर. लोखंड असताना परकार्बोनेट लावलं की त्या जागी विरंजन इतकं जोरात होतं की डागाबरोबर कापडही जातं. म्हणून बटणं उसवून काढायची, डागावर लिंबू-मीठ लावून तासभर ऊन द्यायचं, मग चार-पाच पाणी बदलून धुवायचं, कारण उरलेलं आम्लही सूत खातंच. ओला फ्रॉक खांद्याला धरून उचलू नका. पाण्याने जड झालेला घेर जुन्या कमरेपासून सुटतो. मच्छरदाणीच्या तुकड्यावर ठेवून बुडवायचा, त्याच तुकड्याने उचलायचा, टॉवेलवर आडवा वाळवायचा.

रेशमाला यातलं काही लागू नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला रेशीम जड आणि सळसळतं व्हावं म्हणून त्यात कथलाचे क्षार मुरवत असत. त्या काळच्या युरोपातल्या चिनी मातीच्या बाहुल्यांचे झगे आज घडीवर चिरतात, हात लावला की भुगा होतात. असं रेशीम रफू होत नाही. सुई जिथे जाईल तिथे नवी चीर. आतून तलम जाळी लावून आधार द्यायचा आणि श्वास रोखायचा.

सुती फ्रॉक मात्र रफू होतो. सुई दहा किंवा बारा नंबरची, आणि दोरा बाजारचा नको, त्याच फ्रॉकच्या आतल्या शिवणीतला जादा कापडाचा धागा उसवून घ्यायचा. रंग, जाडी, वय, सगळं जुळतं. पॉलिएस्टरचा दोरा सुतापेक्षा बळकट असतो, म्हणून ओढ बसली की दोरा तुटत नाही, कापड तुटतं. आणि टिचबटणाच्या जागी वेल्क्रो लावू नका. सत्तर वर्षांच्या फ्रॉकला वेल्क्रो म्हणजे नऊवारीला चेन. (शिवलेल्या नऊवारीला चेन लावतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच म्हणतो.) शिवाय वेल्क्रो लेस आणि केस दोन्ही पकडतं आणि सोडत नाही.

फ्रॉक घालताना बाहुलीची फाकलेली बोटं बाहीच्या अस्तरात अडकतात, म्हणून हातांवर प्लॅस्टिकच्या फिल्मचा मोजा चढवून मग बाही सरकवायची. ठेवायची वेळ आली की डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. वर्तमानपत्रही नको, त्यातलं आम्ल कापड पिवळं करतं. धुतलेलं मलमल चालतं. डोळे मिटणारी बाहुली पालथी ठेवतात, म्हणजे मागच्या वजनाने जुने आधार सुटून डोळे डोक्यात घसरत नाहीत. चेहऱ्याखाली कापडाची चुंबळ, म्हणजे नाक चेपत नाही.

तर आता केस बसले, फ्रॉक झाला, बटणं लागली, इलॅस्टिकचा ताण नेमका साधला. मालकीणबाई समोर बसल्या आहेत. बाहुली आडवी केली, दोन्ही पापण्या अलगद मिटल्या. उभी केली. उजवा डोळा उघडला. डावा मिटलेलाच राहिला.

"अय्या, डोळा मारतेय!" मालकीणबाई म्हणतात. "राहू दे का? की… एवढंसं तर काम आहे."