दलदलीत हरीण बसत नाही? गुडघ्यावर बसून बघा

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माग काढणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतोय. हरणाला बसायला कोरडी जमीन लागते, म्हणून दलदल सोडून द्या. दलदलीत असलंच तर ते मधोमध, सर्वांत दाट झाडीत असतं. वाऱ्याकडे तोंड करून बसतं. शिकारीच्या हंगामाच्या आदल्या आठवड्यात जागा हेरा, आणि एकदा सापडली की ती कायमची. हे वाचून लोक उत्तम पाणथळ रान एकतर न बघताच सोडतात, नाहीतर पार तुडवून टाकतात. शिकारी असोत वा कॅमेरावाले, दोघांचंही यात नुकसान आहे आणि हरणाचंही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कोरडी जमीन लागते, हे खरं. पण केवढी? पाय पोटाशी घेऊन रवंथ करत बसलेल्या हरणाला एक-सव्वा मीटर जागा पुरते. तेवढी जागा आल्डर या पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपाच्या बुंध्याभोवती साचलेल्या उंचवट्यावर मिळते, उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळाशी मिळते, बीव्हर या ओढ्यात बांध घालणाऱ्या प्राण्याच्या सोडलेल्या घरावरही मिळते. नकाशावर हे काहीच दिसत नाही, तिथे सगळं पाणीच. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये पाणी चढलं की हीच हरणं झाडांच्या छोट्या बेटांवर आसरा घेतात. हरीण पट्टीचं पोहतं, त्याला पाण्याची अडचण नाही. उलट ते पाणी त्याच्यासाठी पहारा देतं, कारण चिखलातून आवाज न करता कुणालाच येता येत नाही.

‘मधोमध, सर्वांत दाट झाडीत’ या सल्ल्याने सर्वांत जास्त घोळ घातलाय. कमरेएवढ्या चिखलातून मध्यापर्यंत जायचं, वाटेत सगळं उठवायचं आणि रिकाम्या हाताने परतायचं! मी शोधतो ती शीव: पाणकणीस संपून झुडपं सुरू होतात ती रेघ. हरणं तिच्या कडेकडेने चालतात. जिथे झुडपांचा एखादा सुळका पाणकणसात घुसलेला असतो, त्याच्या टोकाशी बैठक, म्हणजे हरणाची बसायची जागा, असण्याची शक्यता मोठी.

मार्चअखेरीस अशाच एका टोकाशी मला एक बैठक मिळाली. आल्डरच्या मुळाशी पानं दाबून लंबगोल खळगा झालेला, त्यात राखाडी हिवाळी केस. बोटांत धरून वाकवला की तुटणारा पोकळ केस. हातभर अंतरावरच्या दोन खोडांची साल शिंगं घासून सोललेली. एकच मोठा खळगा आणि शेजारी अशी घासलेली खोडं, म्हणजे बहुधा नर. लहानमोठे तीन-चार खळगे एकत्र दिसले तर मादी आणि पाडसं समजावीत. उभं राहिल्यावर मला चारी बाजूंना पाणकणसाची भिंत दिसत होती. मग त्या खळग्यामागे गुडघ्यांवर बसलो, डोळे हरणाच्या उंचीवर आणले. खाली देठांमधून फट होती आणि त्या फटीतून मी आलो ती वाट सरळ दिसत होती. त्या दिवसापासून मी कुठलीही बैठक गुडघ्यावर बसल्याशिवाय सोडत नाही.

वाऱ्याचा मुद्दा तर बरोबर उलटा आहे. वाऱ्याकडे तोंड केलं तर नाक आणि डोळे एकाच बाजूची राखण करणार. बरेचदा हरीण वारा पाठीवर घेतं: मागून येणारं वासावरून कळतं, पुढून येणारं दिसतं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, नजर जवळजवळ ३०० अंशांत फिरते. मात्र ‘नेहमी’ असं मीही म्हणणार नाही. ते मध्येच उठतं, पाय ताणतं, तोंड फिरवून पुन्हा बसतं.

हंगामाच्या तोंडावर आत शिरणं म्हणजे स्वतःचा वास ठेवून येणं. बर्फ वितळल्यावर आणि पालवी फुटण्याआधी जा. मागच्या शरदातल्या वाटा, घासलेली खोडं, खळगे सगळं उघडं असतं, आणि तुम्ही केलेली गडबड विसरायला हरणाला पुढचे कित्येक महिने मिळतात.

राहिलं ‘कायमची जागा’. दलदलीत वीतभर पाणी वाढलं तरी बैठक बुडते. मार्चमधली ती आल्डरची बैठक पुढच्या वसंतात पाण्याखाली होती, कारण खालच्या अंगाला बीव्हरने बांध उंच केला होता. मी कडेने शोधत गेलो. साठेक पावलांवर एक आडवं पडलेलं झाड होतं, त्याच्या मुळांच्या मातीवर पानं ताजी दाबलेली होती, आणि तिथून खाली पाण्यात उतरलेले खुरांचे ठसे अजून गढूळ होते.